उचल, ओढ, ढकल, दाब

१ ऑगस्ट २०२४ला, आपल्याकडे दुपार असताना, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी खेळत होता. घरोघरी लोक गुणफलकाकडे डोळे लावून बसले होते. मी मात्र त्याच्या हाताकडे बघत होतो. गोळी सुटली की हात बोल्टवर जायचा. बोल्ट उघडला की रिकामी पुंगळी बाहेर पडायची, बोटाच्या पेराएवढं नवं काडतूस आत जायचं आणि बोल्ट बंद व्हायचा. मग श्वास, मग नेम. शेवटी ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. प्रशिक्षक दीपाली देशपांडे, स्वतः अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या.

या पदकावर खूप लिहिलं गेलं. त्या बोल्टबद्दल कुणी फारसं बोललं नाही, म्हणून हा लेख.

लांबच्या नेमासाठी रायफल कुठली, लिव्हरची की बोल्टची, हा वाद परदेशातल्या शिकाऱ्यांत फार जुना आहे. लिव्हरची रायफल आपण काऊबॉयच्या सिनेमांत पाहिलेली असते. चापाभोवती लोखंडी कडी, ती खाली झटकून वर आणली की पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत. १८७३च्या विन्चेस्टरनं हे यंत्र जगभर नेलं. घोड्यावर बसून, जवळच्या लक्ष्यावर, भराभर गोळ्या झाडायला ते उत्तम. पण अंतर वाढलं की त्याची अडचण सुरू होते, आणि ती काडतुसं ठेवण्याच्या जागेपासूनच. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक रांगेत असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमकं ठिणगी पडते त्या जागेला टेकलेलं. तिथं टोकदार गोळी ठेवली तर धक्क्यासरशी रायफलीतच स्फोट व्हायचा. म्हणून गोळीचं तोंड चपटं किंवा बोथट ठेवतात, आणि बोथट गोळी हवेत लवकर दमते. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगनं १८९५च्या विन्चेस्टरला पेटीचं मॅगझिन देऊन हा प्रश्न सोडवला. पहिल्या महायुद्धात रशियानं या रायफली लाखांनी घेतल्या. तरी पोटावर झोपून नेम धरणाऱ्या शिपायाची कडी जमिनीला अडायची ती अडायचीच.

बोल्टमध्ये ही कटकट नाही. उचल, ओढ, ढकल, दाब, एवढंच. १८९८च्या माउझर रायफलीत बोल्टच्या तोंडाशी दोन जाड कान असतात. दांडी खाली दाबली की ते फिरून नळीच्या मागच्या खाचांत बसतात. काडतूस पेटतं तेव्हाचा सगळा मार त्याच्या अगदी मागेच, घट्ट लोखंडावर झेलला जातो, म्हणून दर वेळी रायफल सारखीच वागते. चाप ओढल्यावर आतली सुई सरळ रेषेत, अगदी थोडं अंतर पुढे जाते. लिव्हरच्या रायफलीत हातोडी गोल फिरून येते. तेवढ्या निमिषात खांदा हलतो, नाडी उडते. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलीमीटरचं, तिथं ते निमिषही महाग पडतं.

आपल्याकडे बोल्ट ओळखीचा झाला तो थ्री नॉट थ्रीमुळे, म्हणजे ली-एनफिल्ड रायफलीमुळे. तिचे कान तोंडाशी नसून मागे आहेत. त्यामुळे ती माउझरइतकी ताठ नाही, पण चालवायला चपळ. मॅगझिन दहा गोळ्यांचं. कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा. २००८च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हीच रायफल दहशतवाद्यांच्या एके-४७समोर उभी राहिली आणि तेव्हापासून तिच्या नावाची कीवच केली जाते. मला ते पटत नाही. तीनशे यार्डांवर एकेक गोळी मोजून मारण्यासाठी घडवलेलं हत्यार गर्दीच्या फलाटावर, काही पावलांवरच्या स्वयंचलित माऱ्यापुढे देणं ही देणाऱ्यांची चूक. यंत्रानं कधीच ते वचन दिलेलं नव्हतं.

सामान्य परवानाधारकाकडे आली ती तीनशे पंधरा बोअरची बोल्ट रायफल. लष्करी काडतुसं नागरिकांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी ठेवलेला हा वेगळा बोअर स्वातंत्र्यानंतरही टिकला. आमच्या सिंधुदुर्गात मात्र बंदूक म्हणजे ठासणीची नाही तर बारा बोअरची. शेतीसंरक्षणाचा परवाना, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. रानडुकरं आणि माकडं एका रात्रीत बागेची काय दशा करतात ते मी लहानपणी पाहिलं आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या संतापाशी माझं भांडण नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरासाठी वन खात्याच्या परवानगीनं वाट आहे. पण काजूच्या बागेत डुक्कर दिसतं ते तीस-चाळीस पावलांवर, आणि कुंपणापलीकडे वाडी असते. साधी पॉइंट टू टूची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. इतक्या दाट वस्तीच्या मुलखात लांब पल्ल्याच्या रायफलीला एकच जागा योग्य, पाठीमागे भक्कम बांध असलेली रेंज.

तिथं महाराष्ट्रानं बोल्टचं सोनं केलं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. आज आपली मुलं ज्या जर्मन रायफली वापरतात त्यांपैकी फाइनवेर्कबाऊ नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात बनते. माउझरचं गाव तेच. एकाच गावानं युद्धाचा बोल्टही घडवला आणि पदकाचाही.

नवी मुंबईकरांना हे बघायला जर्मनीला जायला नको. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमाताईंनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. जयपूरच्या अवनी लेखराच्या त्या प्रशिक्षक. अवनीनं टोकियो पॅरालिम्पिकमध्ये हवाई रायफलीत सुवर्ण घेतलं आणि चारच दिवसांनी ५० मीटरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या रायफलीनं, कांस्य.

दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. त्या अंतरासाठीच्या बहुतेक हवाई रायफलींना बोल्टऐवजी बाजूला छोटी लिव्हर असते. कडी झटकायची घाई तिच्यात नाही. शाळकरी पोरगी जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून उभी राहते, लिव्हर उघडते, डबीतून एक छर्रा चिमटीत धरते, त्याची कड कुठे दबलेली नाही ना ते उजेडात बघते. मग तो खाचेत ठेवते, लिव्हर हळूच मिटते आणि गाल दस्त्याला टेकवते. कधी कधी नेम जुळत नाही. मग न झाडताच रायफल खाली टेकवते, खांदे सैल सोडते आणि पुन्हा उचलते.