बाळंतिणीच्या दारीं

मुलांचा छळ म्हटला म्हणजे दुष्ट सावत्र आई किंवा दारुडा बाप आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तसलीं माणसें नाहींतच असें नव्हे. परंतु तान्ह्या मुलांची आबाळ बहुधा मायेच्या अभावीं होत नसून थकव्यानें, एकटेपणानें व अज्ञानानें होते, असें आमचें मत आहे. गेल्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्यास अफूची बाळगोळी देऊन निजवीत. त्या राक्षसिणी नव्हत्या. मूल सांभाळावयास घरीं दुसरें कोणी नव्हतें, एवढेंच.

अशा आईस बोल लावण्यापूर्वीं तिच्या घरीं जावें, हा विचार पुढें निघाला. अमेरिकेंत डेव्हिड ओल्ड्स यांनीं १९७७ सालीं एल्मायरा येथें आरंभ करून, प्रथमच आई होणाऱ्या, मुख्यतः गरीब व तरुण स्त्रियांकडे मूल दोन वर्षांचें होईपर्यंत परिचारिका पाठविल्या. पंधरा वर्षांनीं पाहतां त्या घरांत छळाचीं व आबाळीचीं प्रकरणें इतरांच्या मानानें जवळ जवळ निम्मींच आढळलीं.

पण हा धडा घ्यावयास आम्हां नगरकरांस इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० मध्यें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. प्रथम त्यांनींहि परिचारिकाच खेड्यांत धाडल्या. परंतु बाहेरची बाई गांवांत रुजेना. तेव्हां गांवकऱ्यांकडून गांवांतल्याच बाया निवडविल्या. त्यांत अनेकींस अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत व परत जाऊन शिकलेलें घरोघर सांगत. शिकलेल्या बाईंपुढें सून खालीं मान घालून ‘होय’ म्हणते. ओळखीच्या मावशीजवळ ती रडते. आणि बाळाला मध-गूळपाणी चाटवूं नये, आईचें पहिलें पिवळसर दूधच द्यावें, हें सासूबाईंच्या गळीं उतरवावयास मावशीच पाहिजे! या दांपत्यास १९७९ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

आज तेंच काम सरकारच्या आशा ताई करितात. दवाखान्यांत बाळंतपण झालें तर ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशीं, आणि घरीं झालें तर पहिल्या दिवशींहि, त्यांनीं जावयाचें असतें. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तिमाहीस आणखी एक खेप आहे. त्या बाळाचें वजन करितात, ताप पाहतात, तें नीट पितें कीं नाहीं हें विचारितात. परंतु चतुर ताईची नजर चुलीकडेहि जाते: बाळंतीण जेवली काय? मुलगी झाली म्हणून घरांत अबोला तर नाहीं? साधारण सहाव्या आठवड्यास बाळाचें रडणें सर्वांत अधिक असतें, व त्या वेळीं आईचीहि झोंप अपुरी झालेली असते. वैतागून बाळास गदगदां हालविल्यास त्याच्या मेंदूस इजा होते. संताप आवरेना तर बाळास अंथरुणावर निजवून घटकाभर बाहेर यावें, हें कोणीतरी तिला आधींच सांगितलें पाहिजे.

पाथर्डी-जामखेडकडील आमच्या विद्यार्थ्यांस पुढची गोष्ट ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, व ओली बाळंतीणहि पुष्कळदां कोयता घेऊन त्यांबरोबर जाते. कारखान्याजवळच्या कोपींत तिच्याकडे ना मावशी येते ना आजी. मूल फडाच्या कडेला झोळींत असतें. इकडे गांवच्या ताईच्या नोंदवहींत ४२ व्या दिवसाचा रकाना कोराच राहतो.