ध्वनिमुद्रणांची जपणूक : हार्ड डिस्कची प्रकृती आणि प्रतींची व्यवस्था

मागील घटकात आपण बोलीचे नमुने ध्वनिमुद्रित कसे करावेत, ते पाहिले. आता त्या मुद्रणांच्या जपणुकीचा विचार करावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासक्रमात हार्ड डिस्कचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल. मीही हा विषय तंत्रज्ञांचा समजून बाजूस ठेवला होता. सिंधुदुर्गातील एका वृद्ध निवेदिकेच्या मालवणीचे सुमारे २० तासांचे मुद्रण माझ्या लॅपटॉपवर होते. डिस्क बंद पडली तेव्हा त्यांपैकी ६ तासांचेच लिप्यंतर झाले होते आणि त्या बाई आधीच निवर्तल्या होत्या. कागदावर शब्द उरले. त्यांतील अनुनासिके मी बरोबर टिपली होती की नाही, हे तपासण्यास आज साधन नाही.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला साधारणतः ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांवरील मजकूर वाचणारे शीर्ष तबकडीला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावरून फिरत असते. चालू लॅपटॉप धक्क्याने हलला की हे अंतर संपण्याचा धोका असतो. लयबद्ध टकटक ऐकू येणे, लहानशी फाइल उघडण्यासही फार वेळ लागणे, एखाद्या फोल्डरपाशी यंत्र अडून बसणे ही बिघाडाची लक्षणे होत. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नसल्यामुळे आवाजाची पूर्वसूचना मिळत नाही आणि ती अनेकदा एकाएकी बंद पडते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅमने ती नोंद वाचता येते. जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी त्या लांबलचक तक्त्यातील दोन ओळी आधी पाहाव्यात. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे निकामी ठरल्यामुळे ज्यांच्याऐवजी राखीव जागा वापरावी लागली असे भाग, आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ म्हणजे वाचताना अडलेले, परंतु अद्याप निकाल न लागलेले भाग. या ओळींतील मूळ आकडा शून्य नसेल व वाढत असेल, तर त्या डिस्कवर विसंबू नये.

आकडा शून्य असेल तर काय? येथेच बहुतेकांची फसगत होते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्याकडील १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान वगळता, कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. आपल्या क्षेत्रातही असेच असते. नमुन्यात एखादे रूप आढळले तर ते बोलीत आहे असे म्हणता येते, पण आढळले नाही म्हणून ते बोलीत नाही असे म्हणता येत नाही. ‘प्रकृती उत्तम’ हा शेरा त्याच सावधपणे वाचावा आणि प्रत काढण्याचा निर्णय त्यावर अवलंबून ठेवू नये.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला नियम सोयीचा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणी. लॅपटॉप, बाहेरची डिस्क आणि क्लाउड एवढ्याने हे साधते. संकोचन न केलेले, सीडीच्या दर्जाचे एक तासाचे स्टीरिओ मुद्रण सुमारे ६३५ एमबी होते, म्हणजे माझे २० तास १३ जीबीत मावले असते. साध्या पेन ड्राइव्हवरही! आपोआप जुळणारे क्लाउड फोल्डर मात्र एकमेव प्रत मानू नये, कारण लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते. बाहेरची डिस्कही प्रत काढून झाल्यावर लॅपटॉपपासून वेगळी करून ठेवावी.

लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नष्ट झाली व पुढे ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करण्यात आले, असे महानुभाव परंपरा सांगते. पाठभेदांचा प्रश्न आपण त्या संदर्भात अभ्यासला आहेच. निवेदकाचा उच्चार स्मरणातून असा पुन्हा सिद्ध करता येत नाही.

डिस्क टकटकू लागली असेल तर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवू नयेत, त्यांनी तिच्यावरील ताण वाढतो. मुद्रण अमूल्य असेल व त्याची दुसरी प्रत नसेल, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावा. लक्षण केवळ मंदपणाचे असेल, तर ज्याची दुसरी प्रत नाही ते आधी उतरवून घ्यावे. चित्रपट आणि गाणी मागाहून.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी आपल्या प्रकल्पातील एक मुद्रण बाहेरच्या प्रतीवरून, दुसऱ्या संगणकावर उघडा आणि त्याचा शेवटचा मिनिट ऐका.