तुझा पास्टर, माझा पास्टर

तर झालं असं, की मार्च २००८ मध्ये मी अमेरिकेत, ओहायोमधल्या कोलंबस शहरात ऑनसाइट होतो. क्लायंटचं ऑफिस, तिसरा मजला, करड्या रंगाची क्युबिकल्स. माझ्या डावीकडे बसायचा एक पक्का डेमोक्रॅट आणि उजवीकडे एक पक्का रिपब्लिकन. कुणी मुद्दाम केलं नसणार, पण सीटिंग अगदी राजकीय नियमाला धरून! नावं सांगत नाही, आपण त्यांना डावा आणि उजवा म्हणू या.

दोघंही माणसं म्हणून सॉलिड. डाव्यानं मला बर्फात गाडी चालवायला शिकवली. माझ्या बायकोला मध्यरात्री अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला, तेव्हा उजवा स्वतःच्या गाडीतून आम्हाला हॉस्पिटलला घेऊन गेला आणि पहाटेपर्यंत मशिनची भिकार कॉफी पीत माझ्या शेजारी बसून राहिला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याविषयी थोडं वाकडं बोलणार आहे.

१३ मार्चला एबीसी न्यूजनं एका पास्टरच्या प्रवचनांच्या क्लिप्स दाखवल्या. जेरेमाया राइट. शिकागोच्या साउथ साइड भागातल्या ट्रिनिटी चर्चचे पास्टर. बराक ओबामांचं लग्न यांनीच लावलेलं, दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा यांनीच केलेला, ओबामांच्या ‘द ऑडॅसिटी ऑफ होप’ या पुस्तकाचं नावसुद्धा यांच्याच एका प्रवचनावरून घेतलेलं. आणि हे गृहस्थ व्यासपीठावरून गरजताहेत, की देवानं अमेरिकेला आशीर्वाद नाही, शाप द्यावा!

झालं. दुसऱ्या दिवशी उजवा लालबुंद. ‘वीस वर्षं हा माणूस त्या चर्चमध्ये बसला होता. वीस वर्षं! आणि आता म्हणतो मला माहीतच नव्हतं?’ डावा शांतपणे म्हणाला, ‘चाळीस मिनिटांचं प्रवचन तू चाळीस सेकंदांत ऐकलंस. पूर्ण ऐक, मग बोल.’

मी दोघांच्या मधे. एच-वन-बीवाला, मत नसलेला माणूस. फुकटात फ्रंट सीट मिळालेली, मग काय! घरी जाऊन खरंच शोधाशोध केली. ‘शाप’वालं प्रवचन एप्रिल २००३ मधलं. त्यात राइट सांगत होते, की सरकारं चुकतात, देव चुकत नाही. मूळ रहिवासी, गुलाम, महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन, अशी यादी त्यांनी वाचली होती. त्याच प्रवचनात एचआयव्हीचा विषाणू सरकारनंच बनवला असा बिनबुडाचा दावाही होता. म्हणजे पूर्ण ऐकल्यावर काही वाक्यं बरी वाटायला लागली आणि काही आणखी वाईट. दुसरी क्लिप ११ सप्टेंबरनंतरच्या पहिल्याच रविवारची, २००१ ची. अमेरिकेनं जे पेरलं तेच उगवलं, अशा अर्थाची. पण ते प्रवचन बायबलमधल्या १३७व्या स्तोत्रावर होतं आणि त्याचा रोख सूडबुद्धीपासून सावध राहा, असा होता. टीव्हीवर स्तोत्र कुठलं दाखवणार? आणि हे राइट तरुणपणी मरीनमध्ये आणि नौदलात नोकरी केलेले. १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांची देखभाल करणाऱ्या वैद्यकीय टीममध्येही ते होते. तेही कुणी दाखवलं नाही.

१८ मार्चला ओबामांनी फिलाडेल्फियात ते गाजलेलं भाषण केलं. राइटना मी टाकू शकत नाही, जसं माझ्या गोऱ्या आजीला टाकू शकत नाही, असं म्हणाले. आमच्या मजल्यावर निम्मे लोक हेडफोन लावून ऐकत होते. डाव्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत.

गंमत इथेच सुरू होते

उजव्याची तक्रार वीस वर्षांची होती, आणि तिच्यात दम होता, हे मी आजही मान्य करतो. पण त्याच फेब्रुवारीत, राइट प्रकरणाच्या दोन आठवडे आधी, त्याच्या लाडक्या जॉन मॅकेननी टेक्ससमधल्या जॉन हेगी या पास्टरचा पाठिंबा मोठ्या आनंदानं घेतला होता. नुसता घेतला नाही, मागून घेतला. हेगींचं म्हणणं काय? २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स कतरिना वादळात बुडालं, तो तिथल्या पापांबद्दल देवाचा न्याय होता, कारण म्हणे तिथे समलिंगींची परेड ठरली होती! आणि आमच्या कोलंबसजवळच रॉड पार्स्ली यांचं अवाढव्य चर्च. इस्लाम हा खोटा धर्म नष्ट व्हावा हा अमेरिकेच्या स्थापनेमागचा एक हेतू होता, असं पुस्तकात लिहिणारे पार्स्ली. त्यांना मॅकेननी सिनसिनाटीच्या सभेत आध्यात्मिक मार्गदर्शक म्हटलं होतं.

मी उजव्याला विचारलं. तो म्हणाला, ‘पाठिंबा घेणं वेगळं, मेंबर असणं वेगळं.’ बरोबर आहे. पण मग त्याला जेरी फॉलवेल आठवले नाहीत का? राइट शिकागोत बोलले त्याच आठवड्यात, १३ सप्टेंबर २००१ ला, फॉलवेल पॅट रॉबर्टसन यांच्या टीव्ही शोमध्ये म्हणाले होते, की हल्ल्याला गर्भपातवाले, स्त्रीवादी आणि समलिंगीसुद्धा जबाबदार आहेत. म्हणजे दोन पास्टर, एकच आठवडा आणि दोघांच्याही मते अमेरिकेनं स्वतःवर संकट ओढवून घेतलेलं. फॉलवेलनी नंतर माफी मागितली, हेही खरं. २००० मध्ये याच मॅकेननी फॉलवेल आणि रॉबर्टसन यांना असहिष्णुतेचे एजंट म्हटलं होतं. २००६ मध्ये, निवडणूक दिसायला लागल्यावर, तेच मॅकेन फॉलवेल यांच्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात भाषणाला हजर!

पुढे मे महिन्यात हेगींचं एक जुनं प्रवचन बाहेर आलं. हिटलर हा ज्यूंना इस्रायलकडे हाकण्यासाठी देवानं पाठवलेला शिकारी होता, असं काहीतरी. २२ मे रोजी मॅकेननी हेगी आणि पार्स्ली, दोघांचाही पाठिंबा एका दिवसात झटकून टाकला. तोवर २८ एप्रिलला राइट वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये जाऊन आणखी तारे तोडून आले होते. दुसऱ्याच दिवशी ओबामांनी त्यांना झिडकारलं आणि ३१ मे रोजी चर्चच सोडलं. आजीला टाकता येत नाही, पण पास्टरला सहा आठवड्यांत टाकता येतं. डावा त्या दिवशी फारसं बोलला नाही.

हिलरी क्लिंटन बाई तर म्हणाल्या होत्या, राइट माझे पास्टर नसते झाले. यावर ओबामांच्या बाजूनं एक फोटो बाहेर आला. सप्टेंबर १९९८, व्हाइट हाऊसमधली प्रार्थना-न्याहारी, मोनिका प्रकरण ऐन भरात, आणि बिल क्लिंटन हात मिळवताहेत... जेरेमाया राइट यांच्याशी! मला सगळ्यात जास्त आवडलेला फोटो हाच.

खरं तर अमेरिकन राज्यघटनेच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेता येणार नाही. कायद्यानं नाहीच घेत. पण १९६० मध्ये कॅथलिक केनेडींना ह्यूस्टनला पाद्र्यांसमोर जाऊन पोपचं ऐकणार नाही असं सांगावं लागलं, २००७ मध्ये मॉर्मन मिट रॉम्नींना टेक्ससमध्ये तसंच भाषण करावं लागलं. पेपर फुटलेला, तरी परीक्षा चालूच.

डाव्याची पाळी

ऑगस्टच्या शेवटी मॅकेननी साराह पेलिनना उपाध्यक्षपदासाठी निवडलं. सप्टेंबरमध्ये डाव्यानं मला एक लिंक पाठवली, सोबत हसून लोळणारे चार स्मायली. पेलिन यांच्या अलास्कातल्या जुन्या चर्चमधला २००५ चा व्हिडिओ. केनियाहून आलेला एक पाद्री त्यांच्या डोक्यावर हात ठेवून चेटक्यांपासून यांचं रक्षण कर म्हणून प्रार्थना करतोय. मी उत्तर पाठवलं, ‘पूर्ण ऐकलंस का?’ तो क्युबिकलच्या भिंतीवरून डोकावला. ‘हे वेगळं आहे,’ म्हणाला. मार्चपासून हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकत होतो.

डाव्याच्या पक्षाचं सोवळंही काही कमी नव्हतं. एकीकडे ओबामा मुस्लिम आहेत अशा मेल फिरत होत्या. (उजव्याच्या ग्रुपवर ‘हा मुस्लिम आहे’ आणि ‘याचा ख्रिस्ती पास्टर भयंकर आहे’ या दोन्ही मेल एकाच आठवड्यात आल्या होत्या. दोन्ही पुढे पाठवल्या गेल्या!) तर जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत ओबामांच्याच कार्यकर्त्यांनी डोक्यावर स्कार्फ असलेल्या दोन मुलींना व्यासपीठामागच्या जागेवर बसू दिलं नाही. फोटोत यायला नकोत म्हणून. ओबामांनी नंतर फोन करून माफी मागितली. ऑक्टोबरमध्ये एका बाईंनी मॅकेनसमोर ओबामांना अरब म्हटलं, तेव्हा मॅकेननी माइक काढून घेऊन सांगितलं, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या असत्या. अरब माणूस सभ्य नसतो का, हा प्रश्न रात्री पडला. मुस्लिम असते तरी काय बिघडलं असतं, असं उघड विचारलं ते कॉलिन पॉवेल यांनी. आणि ते होते रिपब्लिकन.

आणि माझी

आता माझी गोष्ट. २००६ मध्ये व्हर्जिनियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी सभेत कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या भारतीय वंशाच्या तरुणाला ‘मकाका’ म्हटलं होतं. एक जातीचं माकड! आमच्या मराठी मंडळींच्या मेल ग्रुपवर मी इतकं लिहिलं होतं, की बायको म्हणाली, आता पुरे. ॲलन नऊ-दहा हजार मतांनी पडले तेव्हा मी पेढे वाटायचा बाकी होतो.

२३ ऑगस्ट २००८ ला ओबामांनी जो बायडन यांना जोडीला घेतलं. सोमवारी उजवा माझ्याकडे खुर्ची फिरवून म्हणाला, ‘तुझ्या बायडननी २००६ मध्ये काय म्हटलं होतं आठवतं? भारतीय उच्चार असल्याशिवाय सेव्हन-इलेव्हनमध्ये किंवा डंकिन डोनट्समध्ये जाता येत नाही म्हणे.’ आठवत होतं की! पण तोंडातून निघालं काय? ‘अरे, त्यांना कौतुक करायचं होतं. संदर्भ बघ ना.’

उजवा हसला नाही, काही बोललाही नाही. खुर्ची फिरवली आणि कामाला लागला. कान तापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

त्या वर्षी २३ मार्चला ईस्टर होता. उजव्यानं आम्हा दोघांना त्याच्या चर्चमध्ये नेलं होतं. साधी इमारत, साधा पास्टर, प्रवचन नोकऱ्या गेलेल्यांविषयी. नंतर कॉफी आणि लेमन केक. उजव्यानं आपल्या मुलीची ओळख करून दिली. तिनं सांगितलं, की ती दहा वर्षांची असताना, १९९८ मध्ये, बाबांनी टीव्ही बंद करून तिला समजावलं होतं, की जो माणूस बायकोशी खोटं बोलतो तो देशाशीही बोलतो. चारित्र्य आधी, पक्ष नंतर. हे सांगताना तिला बापाचा अभिमान वाटत होता.

२०१६ उजाडेपर्यंत मी पुण्यात परतलो होतो. ७ ऑक्टोबरला ट्रम्प यांची बायकांविषयीची ती टेप बाहेर आली. त्याच महिन्यात पीआरआरआय या संस्थेची एक पाहणी वाचली. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक काम नीतीनं करू शकतो, असं २०११ मध्ये ३० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांना वाटत होतं. पाच वर्षांत तो आकडा ७२ वर गेला. मी उजव्याला मेल टाकली. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘आम्ही पास्टर निवडत नाही आहोत.’ एक्झिट पोलनुसार सुमारे ८० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांनी ट्रम्पना मत दिलं. त्याची मुलगी त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला घरी आली नाही. हे त्यानं मला पुढे कित्येक महिन्यांनी, दुसऱ्याच विषयावर बोलताना सांगितलं.

जॉर्जियात २०२० मध्ये राफेल वॉरनॉक हे पास्टरच सिनेटला उभे राहिले. पुन्हा जुनं प्रवचन, पुन्हा क्लिप, २००८ मध्ये त्यांनी राइटची बाजू घेतली होती तेही उकरून काढलं. ते जिंकले. मला वाटलं होतं डावा क्लिपविषयी काहीतरी लिहील, पण त्यानं फक्त ‘येस्स!’ लिहिलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स मिसिसिपी विद्यापीठात म्हणाले, की आपली पत्नी उषा हिनंही कधीतरी चर्चच्या वाटेनं यावं अशी आपली इच्छा आहे. उषा हिंदू घरातली. आमच्या ग्रुपवर स्फोट. मी स्वतः दोन दिवस लांबलचक पोस्टी टाकत होतो. बायकोच्या धर्माची ही किंमत वगैरे.

तिसऱ्या दिवशी रात्री व्हॉट्सॲपवर उजव्याचा फोन आला. आता रिटायर झालाय, ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून ओरडून बोलतो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग म्हणाला, ‘तुला राग आलाय का रे, त्या व्हान्सच्या बोलण्याचा?’

मी म्हटलं, आलाय.

‘मग मी तुझ्यासाठी तशी प्रार्थना केली असती तर?’

‘केलीस का?’

‘दर ईस्टरला,’ तो म्हणाला. ‘२००८ पासून. तुझ्यासाठी आणि तुझ्या बायकोसाठी.’

काय बोलावं सुचेना. राग शोधला, तर सापडेना. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आहे? मी नाव सांगितलं. तिनं हात पुसले, फोन माझ्याकडून घेतला आणि आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली.