प्राणिगृहातील उष्णतामान आणि आपल्या औषधांचे अहवाल

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूषिकांचे अठरा प्रकार वर्णिले आहेत, ते विषाच्या संदर्भात. आज आपला या प्राण्याशी संबंध येतो तो निराळ्या कारणाने. २०१० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत १५८-ब हा नियम समाविष्ट झाल्यापासून काही आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा अभ्यास सादर करावा लागतो आणि तो बहुधा उंदरांवर केलेला असतो. फार्मसीमालक त्यासाठी बरीच रक्कम मोजतात व अहवाल हाती येताच निष्कर्षाचे पान उघडतात. ज्या खोलीत ते प्राणी राहिले तिचे उष्णतामान किती होते, असे विचारणारा विरळाच. (सोयीसाठी येथे विस्टारसारख्या मोठ्या जातीला ‘उंदीर’ व लहान पांढऱ्या जातीला ‘मूषक’ म्हटले आहे.)

या प्राण्यांना आपल्यासारखा सर्वांगी घाम येत नाही. घर्मग्रंथी आहेत त्या तळपायांपुरत्या. उष्णता बाहेर टाकण्यासाठी उंदराची मुख्य भिस्त शेपटीवर. तिच्यातील रक्तवाहिन्या विस्फारतात व उष्मा हवेत जातो. तेही अपुरे पडले की तो लाळ अंगाला फासू लागतो. छाती व पोटावरील केस ओले दिसू लागले, तर प्राणी संकटात आहे असे समजावे. थंडीचा त्रास मूषकाला अधिक, कारण २५-३० ग्रॅमच्या देहाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा. जादा ऊर्जा न वेचता देहोष्मा राखता येईल असे उष्णतामान मूषकासाठी सुमारे ३० अंश सेल्सिअस आहे. आपल्याला सुखद वाटणाऱ्या २२ अंशांच्या खोलीत त्याचा ऊर्जाव्यय सुमारे दीडपट किंवा त्याहून अधिक होतो.

मग खोलीच ३० अंशांवर का ठेवू नये? कारण ती त्याच्या सोसण्याच्या वरच्या सीमेजवळ जाते. शिवाय एका पिंजऱ्यात चार-पाच प्राणी असले की आतील हवा खोलीपेक्षा उष्ण असते. थोडी थंड खोली व घरटे करण्यास पुरेसे कागदाचे कपटे दिले, तर प्राणी आपली ऊब स्वतः राखतो. उकाड्यातून सुटण्याचा असा मार्ग मात्र पिंजऱ्यात नसतो.

प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीच्या (पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए) मार्गदर्शक तत्त्वांत १८ ते २९ अंश ही मर्यादा आहे. आर्द्रता ३० ते ७० टक्के. विषाक्तता-परीक्षणाच्या ओईसीडी पद्धतींत मात्र २२ अंश, फार तर तीन अंश कमी-अधिक, असे सांगितले आहे. म्हणजे २८ अंशांची खोली समितीच्या मर्यादेत बसेल. पण ‘ओईसीडीनुसार’ असा शिक्का असलेल्या अहवालात ती बसणार नाही. हा भेद आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रजननात उष्णतेचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून फसवतो. उंदरात शुक्राणू तयार होण्यास सुमारे पन्नास दिवस लागतात. मे महिन्यात नर तापले, तर पिल्लांची संख्या घटते ती जून-जुलैत, आणि दोष पावसाळी हवेला दिला जातो. दूध पाजणाऱ्या मादीच्या देहात मुळातच उष्मा अधिक निर्माण होतो. उकाड्यात ती पिल्लांपासून लवकर उठते, दूध कमी पडते, वजने मागे राहतात. नवजात पिल्ले केशहीन असतात, साधारण आठवडाभरात लव येते. तोपर्यंत त्यांची सारी मदार घरट्यावर. हिवाळ्यात शेगडीने हवा कोरडी झाली, तर लहान उंदरांच्या शेपटीला वलयाकार काच पडून ती झडण्यापर्यंत वेळ येते.

औषधाच्या गुणावरही याचा परिणाम होतो. ज्वरघ्न औषधाच्या परीक्षणात यीस्टचे निलंबन टोचून उंदराला ताप आणतात व गुदगत तापमान मोजतात. खोलीच चार अंशांनी चढली-उतरली, तर उतरलेला ताप काढ्याचा की वातानुकूलन यंत्राचा? वेदनाशामक गुणासाठी शेपटीला उष्णता देऊन ती झटकण्याचा काळ मोजतात. पण शेपटीच्या त्वचेचे तापमान खोलीबरोबर बदलते आणि तो काळही. विषाक्ततेचे जुने उदाहरण अँफेटॅमिनचे. उष्ण खोलीत व दाटीने ठेवलेले मूषक, एरवी सोसणाऱ्या मात्रेनेही दगावतात. देश व काल हे परीक्ष्य भावांत मोजणाऱ्या चरकाच्या वाचकांना हे नवल वाटू नये.

विदर्भातील एका प्राणिगृहात मे महिन्यातील एका रविवारी वीज गेली व जनित्र चालू झाले नाही. सोमवारी सकाळी मी गेलो तेव्हा खोली ३७ अंशांवर होती. सहा माद्या मेल्या होत्या, दोघींनी पिल्ले खाल्ली होती. माझ्या चूर्णाच्या अठ्ठावीस दिवसांच्या अभ्यासाचा तो एकोणिसावा दिवस. जिवंत उरलेल्यांवर अभ्यास पुरा करण्याचा सल्ला मला देण्यात आला. तो न मानता मी सर्व रद्द केले; खर्च अर्थात माझाच.

तेव्हापासून करारातच मी काही गोष्टी लिहून घेतो. तापमापक दाराजवळ नव्हे तर पिंजऱ्यांच्या उंचीवर, मधल्या मांडणीवर असावा. कमाल-किमान नोंद सुट्टीच्या दिवशीही व्हावी. प्राणी बाहेरून आणल्यावर निदान पाच दिवस त्याच खोलीत स्थिरावू द्यावेत. आणि नोंदवहीची प्रत अहवालास जोडावी. तीत महिनाभर रोज नेमके ‘२२’ लिहिलेले आढळले, तर मी आधी तो तापमापक पाहून येतो.