आज्ञेचे अक्षर आणि आचरण

बायबलमधील आज्ञा मुखोद्गत असणे निराळे आणि तिचा अर्थ उमगणे निराळे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या चरित्रावरून हा भेद स्पष्ट होतो. आगगाडीतील एका सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला; १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

शेजाऱ्यावर प्रीती करावी, ही त्या ग्रंथातील आज्ञा सोपी भासते. परंतु शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा येशूने व्याख्या केली नाही. यहुदी ज्यांना तुच्छ लेखीत, त्या शोमरोनी लोकांपैकी एकाची गोष्ट सांगितली. आपल्याकडे तिचा रोख थेट जातिभेदावर येतो. बाप्तिस्म्यानंतरही जो पंक्तिभेद पाळतो, त्याला ही आज्ञा कळली असे कसे म्हणावे?

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. शेजाऱ्याचा असा विशाल अर्थ त्यांनी लावला. १९१९ साली ते निवर्तले. तो अर्थ आचरणात आणण्याचे काम मात्र अद्याप शिल्लक आहे.