मृगाच्या आधी

वसंत ऋतू म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर, पळसाची केशरी फुले आणि कोकिळेचे कूजन आठवते. शेते मोकळी झालेली असतात आणि पाऊस अद्याप दोन-तीन महिने दूर असतो. तेव्हा शेतकऱ्याच्या घरी हा विश्रांतीचा काळ असेल, असे शहरातील मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर कोणाची पेरणी वेळेवर होणार आणि कोणाची रखडणार, हे पुष्कळ अंशी फाल्गुन, चैत्र आणि वैशाख या महिन्यांतच ठरून जाते. ते कसे, हे पाहण्यासाठी आपण सिद्धेश्वरच्या परिसरात जाऊ या.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर हे धरण आहे. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पूर्णा पुढे गोदावरीस मिळते. तिच्यावर वरच्या अंगाला येलदरीचे धरण असून त्याच्या खाली सिद्धेश्वरचे आहे. कालव्यांनी हे पाणी खालच्या अंगाच्या शेतांपर्यंत जाते. पण पाणी उताराकडेच धावत असल्यामुळे कालव्याहून उंच असलेल्या माळाला पावसावाचून दुसरा आधार नाही. अशाच माळावरील एका लहान शेतकऱ्याचे घर आपण डोळ्यांपुढे आणू. पाच एकर जमीन, एक बैलजोडी, एक गाय व तिचे वासरू, दोन शेळ्या आणि अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या, एवढाच त्याचा पसारा! बैल लाल कंधारी जातीचे आहेत. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने ओळखली जाणारी ही गडद तांबड्या रंगाची जात ऊन सोसणारी आणि कष्टाळू म्हणून मराठवाड्यात प्रसिद्ध आहे.

या घरातील पहिले काम म्हणजे चाऱ्याची बेगमी. फाल्गुनात रब्बी ज्वारी काढून झाली, की कणसे खळ्यावर जातात आणि वाळलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात. हाच कडबा. त्याची गंजी रचण्यातही शास्त्र आहे. ती उंचवट्यावर रचतात आणि खाली दगड किंवा तुराट्या अंथरतात. त्यामुळे ओल आणि वाळवी यांपासून कडब्याचे रक्षण होते. गंजीचा माथा छपरासारखा उतरता ठेवला, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी आत मुरत नाही. चुलीची एक ठिणगी वर्षाची बेगमी जाळून टाकील, या धास्तीने ती घरापासून दूर असते.

चारा किती लागतो, याचा हिशेब तुम्हालाही करता येईल. एका मोठ्या बैलाला दिवसाला सुमारे ७ किलो कोरडा चारा लागतो असे धरा. नवे गवत येईपर्यंत १२० दिवस काढावयाचे असतील, तर नुसत्या जोडीलाच १,६८० किलो, म्हणजे जवळजवळ १७ क्विंटल चारा हवा. गाय आणि वासरू आणखी वेगळेच! कडबा आखा टाकला तर गुरे पाला खातात आणि बुडखे तुडवून वाया घालवतात. म्हणून त्याची कुट्टी करून तो गव्हाणीत घालतात. अलीकडे पुष्कळ शेतकरी ज्वारीऐवजी सोयाबीन पेरतात. त्यामुळे कडबा दुर्मीळ झाला असून सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे भुसकटही जपून ठेवावे लागते.

चाऱ्याची ही काळजी अनाठायी नाही. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. चारा आणि पाणी संपल्यामुळे कित्येकांना आपली जनावरे मिळेल त्या किमतीस विकावी लागली. दावणीला बैल उरला नाही, तर पाऊस आल्यावरही दुसऱ्याच्या औताची वाट पाहावी लागते. आणि पेरणीची वेळ कोणासाठी थांबत नाही.

उन्हाळ्यात गुरे राखण्याचे काम पुष्कळदा तुमच्याएवढ्या मुलांकडे येते. त्यांनी एक गोष्ट कायम ध्यानात ठेवली पाहिजे. ज्वारी कापल्यावर शेतातील धसकटांना कधी कधी कोवळे, हिरवे फुटवे येतात. सगळीकडे रान करपलेले असताना हा हिरवा रंग गुरांना मोह घालतो. परंतु पाण्यावाचून खुरटलेल्या या फुटव्यांत सायनाइडचे जहाल विष तयार होते. ते भरपूर खाल्ले, तर धडधाकट बैल थोड्याच वेळात कोसळतो. चांगल्या वाळलेल्या कडब्यात हे विष बहुतांशी नाहीसे झालेले असते. म्हणून अशा शेतापासून गुरे दूर ठेवावीत. आणि एखादे जनावर ते खाऊन धापा टाकू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे.

रब्बीचे पीक निघाले, की जमिनीत थोडी ओल आहे तोवरच नांगरट उरकावी लागते. काळी जमीन एकदा वाळली म्हणजे दगडासारखी टणक होते. नांगराने उलटलेली ढेकळे उन्हात तापतात, हराळीसारख्या तणांच्या मुळ्या वाळतात आणि मातीत दडलेले किडींचे कोश उघडे पडतात. ते टिपण्यासाठी नांगरामागून बगळे आणि साळुंक्या चालत असतात. आज पुष्कळ ठिकाणी नांगरट ट्रॅक्टरने होते. तरी पेरणी, कोळपणी यांसारख्या कामांना लहान शेतकऱ्यास अजून बैलांचा आधार वाटतो.

चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा बैल पहाटेच जुंपून ऊन तापण्यापूर्वी सोडतात. मोठ्या बैलाला या दिवसांत ५० ते ६० लिटर पाणी लागते. दगडी डोणीत शेवाळ साचू नये म्हणून ती वरचेवर घासून तिला आतून चुना लावतात. चारा पचताना शरीरात उष्णता निर्माण होते. म्हणून दुपारी थोडा आणि सायंकाळनंतर अधिक चारा घालणे हिताचे असते. कोंबड्यांना तर घामच येत नाही. त्या चोच उघडून धापा टाकतात आणि तशीच अंगातील उष्णता बाहेर घालवतात. त्यांच्यासाठी लिंबाच्या सावलीत पाण्याचे मातीचे भांडे भरून ठेवलेले असते.

नांगरट संपली, की बैलांना विसावा मिळतो. जुवाने खांदे सोलवटले असतील, तर ते बरे होईपर्यंत त्यांना जुंपत नाहीत. थोडी पेंड देऊन त्यांची झीज भरून काढतात. घरातील वडीलधारी माणसे लिंबाखाली बसून अंबाडीच्या वाखाची दावी आणि कासरे वळतात. गोठ्याची डागडुजी याच वेळी होते. भिंतींच्या फटी मातीने लिंपतात, त्या केवळ शोभेसाठी नव्हेत. रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडीची मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते आणि अशाच फटींत हजारो अंडी घालते. नुसत्या अंगावरच्या गोचिडी वेचल्या आणि फटी तशाच ठेवल्या, तर महिनाभरात गोठा पुन्हा गोचिडींनी भरतो.

यानंतरचे काम उकिरड्याचे. वर्षभर साठलेले शेण आणि काडीकचरा कुजून त्याचे खत झालेले असते. ते काळे, भुसभुशीत आणि दुर्गंधीरहित झाले, म्हणजे पक्के समजावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीसारख्या किडी शेतात शिरतात. खत गाडीने शेतात नेऊन पावसाच्या तोंडावर पसरतात आणि लगेच मातीत मिसळतात. ते उन्हात उघडे पडले, तर त्यातील नत्राचा अंश हवेत उडून जातो आणि पिकाच्या वाट्याला कमी येतो.

सर्वांत महत्त्वाचे, पण सर्वांत सहज विसरले जाणारे काम म्हणजे लसीकरण. घटसर्प आणि फऱ्या हे गुरांचे घातक रोग पावसाच्या आगमनाबरोबर डोके वर काढतात. शेळ्यांना आंत्रविषार होतो, कोंबड्यांना मानमोडी. लाळ्या-खुरकूत झालेल्या बैलाच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात. ऐन पेरणीत तो एक पाऊलही टाकू शकत नाही. लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. रोग आल्यावर लसीसाठी धावाधाव करण्यात म्हणूनच काही अर्थ नसतो. दवाखान्याचे लोक गावात आले, की आपली गुरे दावणीला हजर ठेवावीत आणि त्यांच्या कानांतील पिवळ्या बिल्ल्यांचे क्रमांक नोंदवून घ्यावेत.

वेळीच केलेल्या या उपायाचे सामर्थ्य केवढे आहे, हे बुळकांडीच्या इतिहासावरून कळते. या साथीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे होत. भारताने १९५४ साली तिच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. गावोगाव फिरून गुरांना लस टोचण्यात आली. अखेर २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या प्रयत्नाने समूळ नष्ट झालेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग होय.

वैशाख सरतो आणि ज्येष्ठात एके दिवशी पश्चिमेला ढग जमतात. मातीचा वास दरवळतो. त्या दिवशी आपल्या शेतकऱ्याच्या घरी गडबड नसते. गंजीत चारा शिल्लक आहे, शेतात खत पडले आहे, दावी नवी आहेत आणि बैलांचे खांदे बरे झाले आहेत. पुरेसा पाऊस होऊन वाफसा आला, की तो फक्त कासरा हाती घेतो. पाऊस केव्हा यावा, हे माणसाच्या हाती नाही. पण तो येईल त्या दिवशी आपण तयार असावे, एवढे निश्चितपणे त्याच्या हाती आहे. मुक्या जनावरांना आपली भूक, तहान आणि दुखणे बोलून दाखवता येत नाही. ते न सांगता ओळखणे आणि वेळेआधी ओळखणे, हीच त्यांची खरी निगा होय.