हिवाळ्यात कोंबडी अंडी का देत नाही?
मावळ-लोणावळ्यातील घरगुती कुक्कुटपालनाचा हिशेब

मावळ तालुक्यात वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा या पट्ट्यात अनेक घरांच्या परसात दहा-वीस कोंबड्या असतात. घरधनी दुकानात किंवा कारखान्यात आणि कोंबड्यांचा सारा व्यवहार घरातील स्त्रियांच्या हाती, अशी या जोडधंद्याची रीत आहे. भांडवल थोडे लागते, गिऱ्हाईक दारात येते आणि मीठ-मिरचीचा खर्च अंड्यांवर भागतो. मात्र दिवाळी उलटली की अंडी कमी होऊ लागतात आणि डिसेंबरात काही घरी टोपली रिकामी राहते.

नेमक्या याच दिवसांत अंड्याला मागणी असते. थंडीत अंडे अधिक खाल्ले जाते. नाताळ आणि नववर्षासाठी लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले भरतात, बेकरीवाल्यांचे काम दुप्पट होते. शिवाय रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. २०३० साली तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. म्हणजे यापुढील काही वर्षे सहरी-इफ्तारची मागणीही थंडीतच येणार आहे. अशा वेळी माल नसणे हे नुकसान खरेच. परंतु त्याहून मोठे नुकसान पुढे होते. ‘कोंबडी बसून खाते’ म्हणून ती मिळेल त्या भावाने खाटकाला दिली जाते आणि दोन महिन्यांनी तीच अंड्यावर आली असती, हे ध्यानात येत नाही. मग फेब्रुवारीत नवी तलंग चढ्या भावाने विकत घ्यावी लागते.

हा तोटा टाळायचा तर अंडी कशामुळे थांबतात, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

दोष थंडीचा नाही, उजेडाचा

सर्वसाधारण समजूत अशी की कोंबडी गारठते म्हणून अंडी देत नाही. मावळापुरते तरी हे खरे नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यात रात्रीचे तापमान साधारणतः १० ते १२ अंशांपर्यंत उतरते, काही रात्री त्याखालीही जाते. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते आणि पिसांचे पांघरूण तिच्या अंगावरच असते. कोरड्या जागी, वारा न लागता बसलेल्या मोठ्या कोंबडीला एवढी थंडी सहज सोसते.

खरे कारण दिवसाच्या लांबीत आहे. उजेड कोंबडीच्या डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो. त्याच्या प्रमाणावर अंडकोशाला चालना देणारे स्राव कमी-जास्त होतात. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो जेमतेम अकरा तासांवर येतो. त्या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिवस लहान होत चालला, ही खूण मिळताच कोंबडीचे शरीर अंड्याचे काम आवरते घेते.

विलायतेत तर डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो आणि पाणी गोठते. त्यामुळे तिकडच्या पुस्तकांत खुराडे तापवण्याचे जे सल्ले असतात, त्यांची मावळात गरज नाही. आपल्याला दोन-तीन तासांचा उजेड तेवढा भरून काढायचा आहे.

एका दिव्याचा खर्च

दहा फूट बाय दहा फुटांच्या खुराड्याला ९ वॅटचा, पिवळसर उजेडाचा एक एलईडी दिवा पुरतो. तो भांड्यांवर आणि बसायच्या दांडीवर उजेड पडेल असा सहा-सात फुटांवर टांगावा. वायर चोचीच्या टप्प्यात नसावी.

दिवा संध्याकाळी लावण्यापेक्षा पहाटे लावणे चांगले. रात्री तो एकदम विझला तर कोंबड्या दांडीवर न चढता जमिनीवरच अडकून बसतात. पहाटेचा दिवा विझण्यापूर्वी सूर्याचा उजेड आलेला असतो. शिवाय आपल्या घरांत फजरच्या नमाजेसाठी माणूस उठतोच. त्याहून आधी लागणाऱ्या दिव्यासाठी बाजारात मिळणारा साधा टाइमर लावावा.

उजेड एकदम वाढवू नये. ऑक्टोबरच्या अखेरीस पहाटे ६ वाजता दिवा लावण्यास सुरुवात करावी आणि दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे सरकावे. चौथ्या आठवड्यात आपण साडेचारवर येतो. साडेचारपासून संध्याकाळच्या संधिप्रकाशापर्यंत जवळजवळ १४ तास भरतात. हीच वेळ पुढे रोज पाळावी. एक दिवस दिवा आणि चार दिवस अंधार, असे झाले तर फायद्याऐवजी तोटाच होतो. वीज जाण्याचा त्रास असेल तेथे बॅटरीवर चालणारा दिवा ठेवावा. फेब्रुवारीत थंडी सरली म्हणून दिवा अचानक बंद करू नये. एप्रिलअखेरपर्यंत ठेवून मग हळूहळू कमी करावा.

आता खर्च पाहा. ९ वॅटचा दिवा रोज अडीच तास जळला तर महिन्याला पाऊण युनिटही वीज लागत नाही. समजा, वीस कोंबड्यांची रोजची अंडी यामुळे पाचाने वाढली, तर तीन महिन्यांत ४५० अंडी, म्हणजे साडेसदतीस डझन, हाती येतात. आपल्या घरचे आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा.

दोन बाबतींत मात्र सावध राहावे. चार महिन्यांखालील तलंगांना वाढीव उजेड देऊ नये. अंग भरण्यापूर्वीच त्या अंड्यावर येतात आणि अंडी लहान राहतात. दुसरे असे की, दिव्याने गावरान कोंबडी लेगहॉर्न होत नाही. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. वर्षाला ६० ते ८० अंडी हीच तिची सर्वसाधारण मजल. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या जाती तिच्याहून बरीच अधिक अंडी देतात. उजेडाचा फायदाही अशा सुधारित जातींत अधिक दिसतो.

पिसे झडणारी कोंबडी विकू नका

पावसाळा संपता संपता एक वर्षावरील कोंबड्यांची पिसे झडू लागतात. खुराड्यात जिकडेतिकडे पिसे, कोंबडी उघडी-बोडकी आणि अंडी बंद, हे पाहून मालक घाबरतो. हा रोग नव्हे. जुनी पिसे टाकून नवी घेण्याचा तो नेमाचा काळ आहे. पीस बहुतांशी प्रथिनांचेच बनलेले असते आणि अंड्यालाही प्रथिनेच लागतात. दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत, म्हणून कोंबडी अंडे थांबवते. दोन ते चार महिन्यांत ती सावरते. या काळात तिला विसावा व चांगला खुराक द्यावा. नवी पिसे आली की मग उजेड वाढवावा.

जी कोंबडी उशिरा पीस टाकते आणि झपाट्याने नवे घेते, ती बहुधा उत्तम अंडी देणारी असते. जुलै-ऑगस्टमध्येच पीस टाकून रेंगाळत राहणारी कोंबडी कमी प्रतीची समजावी.

विकायची कोणती हे हाताने तपासून ठरवावे. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लाल व टवटवीत असतो, गुदद्वार रुंद व ओलसर असते आणि त्याखालच्या दोन हाडांत दोन-तीन बोटे मावतात. अंडी बंद असलेल्या कोंबडीत एकच बोट मावते आणि तुरा आक्रसलेला असतो. ही खूण पीस झडत असताना लावू नये, पिसे भरून आल्यावर लावावी. दोन वर्षांवरील, तेव्हाही कोरडी राहिलेली कोंबडी खुशाल विकावी.

तांदळाची कणी पुरत नाही

मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ सर्वांच्या परिचयाचा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात झोडणी झाली की कणी, कोंडा आणि तूस मुबलक मिळते आणि कोंबड्यांपुढे नुसती कणी पडते. कणीने पोट भरते, अंडे होत नाही. कणीत प्रथिने सुमारे ८ टक्के असतात. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात ती १६ ते १८ टक्के लागतात. पावसाळ्यात परसात किडे, गांडुळे, हिरवा पाला मिळून ही उणीव थोडीफार भरून निघत असे. हिवाळ्यात जमीन वाळते आणि तोही आधार कमी होतो.

मोठ्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. निदान अर्धे खाद्य लेअरचे तयार खाद्य असावे; उरलेल्यात कणी, मका, सोयाबीनची पेंड व भाजीचा पाला चालतो. कोकणातून घाट चढून येणारी सुकट थोडी कुटून घातली तर उत्तम, मात्र जास्त झाली की अंड्याला वास येतो. कोंडा ताजाच वापरावा, कारण तो लवकर खवट होतो. ओल धरलेला शेंगदाणा किंवा बुरशी आलेली पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत खाते.

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि कवच मुख्यतः रात्री तयार होते. म्हणून शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात, विशेषतः संध्याकाळी, समोर असावा. झोपण्यापूर्वी मूठभर अख्खा मका टाकल्यास रात्रभर पोटात ऊब राहते. पाण्याकडेही दुर्लक्ष नको. अंड्याचा बहुतांश भाग पाणीच असतो. पहाटे गारठलेल्या पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. ते ओतून कोमट पाणी भरावे.

खुराडे कोंदू नका

लोणावळ्याच्या पावसात खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधावी लागते. तीच तशी ठेवून, वर गोणपाट लावून हिवाळा काढला जातो, ही मोठी चूक आहे. बंद खुराड्यात विष्ठेचा अमोनिया साचतो, श्वासातील दमट हवा अडकते आणि कोंबड्या शिंकू लागतात. पहाटे आत डोके घातल्यावर आपले डोळे चुरचुरले तर हवा वाईट आहे, हे ओळखावे.

पावसाळी वारा पश्चिमेचा असतो, थंडीतला बहुधा पूर्वेकडून व ईशान्येकडून येतो. म्हणून आडोसा बदलावा. चिमूटभर राख उडवून पाहिली की वाऱ्याची दिशा कळते. खालची बाजू कोंबडीच्या उंचीपर्यंत बंद आणि छपराखाली एक फूट मोकळी जाळी, ही रचना योग्य. पावसाळ्यातील ओले तूस ऑक्टोबरातच काढून कोरडे, चार-सहा इंच जाडीचे तूस पसरावे आणि ते अधूनमधून हलवावे. प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट जागा, दांडीवर आठ इंच आणि पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक पेटी, हे माप धरावे. ऊब यावी म्हणून बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्या धुराने सारा कळप एका रात्रीत गुदमरून मरू शकतो.

आपल्या वाचकांत सुतारकाम व पत्र्याचे काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. वर सांगितलेल्या मापाचे, जाळी आणि पेट्यांसह तयार खुराडे ही त्यांच्यासाठीही विकण्याजोगी वस्तू आहे. लोणावळ्यातील बंगलेवाल्यांकडे विचारून पाहण्यास हरकत नाही.

रोगाची शंका आधी घ्या

अंडी हळूहळू कमी झाली तर उजेड, पीस, खुराक यांचा विचार करावा. परंतु दोन-चार दिवसांत एकदम बंद झाली, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या, तर ती मानमोडी म्हणजे रानीखेत असू शकते. तिला औषध नाही, लस आहे. लसीचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे आणि दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. अचानक अनेक पक्षी मेले तर ते विकू नयेत, उघड्यावर टाकू नयेत; दवाखान्यास ताबडतोब कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि राज्यभरचा धंदा बसला. २०२१ साली परभणी जिल्ह्यातही हा रोग आढळला. आजारी पक्षी स्वस्तात देणारा आणि घेणारा दोघेही सर्वांची रोजी धोक्यात घालतात.

तयारी फाल्गुनात

हिवाळ्याच्या अंड्यांची खरी तयारी उन्हाळ्याच्या तोंडी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली पिल्ले सहा महिन्यांची होऊन सप्टेंबरच्या सुमारास अंड्यावर येतात आणि पहिल्या हिवाळ्यात सहसा पीस टाकत नाहीत. दरवर्षी कळपातील एक-तृतीयांश कोंबड्या अशा नव्या असाव्यात. पिल्लांसाठी पुण्यात खडकी येथील पशुसंवर्धन विभागाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात आगाऊ चौकशी करावी.

शेवटी व्यवहाराची एक गोष्ट. गावरान अंड्याला भाव अधिक मिळतो, म्हणून माल कमी पडताच फार्मची तपकिरी अंडी गावरान म्हणून खपवण्याचा मोह होतो. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो; त्यावरून अंडे गावरान ठरत नाही. लोणावळ्याचे गिऱ्हाईक आज आहे, उद्या नाही, असे वाटते. पण हॉटेलवाला आणि बेकरीवाला वर्षभर येथेच असतो. जे आहे ते सांगून विकावे. ज्याच्याकडे डिसेंबरातही खात्रीचा माल असतो, त्याचे गिऱ्हाईक पावसाळ्यातही तुटत नाही.